वेंगुर्ल्याच्या डचबाई

अमेरिकेतल्या आमच्या एडिसनच्या मराठी मंडळात हल्ली एक नवीन खूळ आलं आहे. सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं ते पडद्यावर फोटो लावून सगळ्यांना दाखवायचं. मागच्या महिन्यात कुलकर्णी नवराबायकोने हॉलंड दाखवलं. पवनचक्की, कालवा, ट्युलिप, लाकडी बूट, पुन्हा ट्युलिप. मी पहिल्या रांगेत बटाटेवड्याची प्लेट घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक फोटोला ओळखीची मान हलवत होतो. शेवटी कुलकर्णीबाईंना राहवलं नाही. "तुम्ही जाऊन आलेले दिसताय हॉलंडला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हॉलंडला नाही. पण डच गावात राहिलोय, आयोवातल्या. आणि तिथलं सगळं मला वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी दाखवलंय."

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी पुणेरी पद्धतीने कुलकर्णींच्या ट्रिपमधली हवा काढतोय. तसा माझा लौकिक आहे. पण या वेळी मी खरं तेच बोललो होतो. घरी आलो आणि रात्रभर नाही तरी बराच वेळ शालनमावशींचाच विचार करत बसलो. त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी मी कधी कोणाला नीटसं सांगितलेलं नाही, कारण सुरुवात केली की लोक हसतात आणि मग पुढचं सांगायचं राहून जातं. पुढचं म्हणजे एवढंच, की या बाईंना आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या मर्जीने एका गावात राहायचं होतं. साधी गोष्ट आहे. तिच्यासाठी त्यांना सत्तरी ओलांडावी लागली आणि पोटच्या मुलीशी भांडावं लागलं.

गावाचं नाव पेला. हो, आपण पाणी पितो तोच. हा विनोद मी पहिल्याच आठवड्यात करून टाकला आणि तो समजणारं आजूबाजूला कोणी नसल्यामुळे एकटाच हसलो. कंपनीने मला तिथल्या एका कारखान्यात पाठवलं होतं. चारी बाजूंना नजर जाईल तिथवर मका, आणि त्या मक्याच्या मधोमध हे हॉलंड. पावणेदोनशे वर्षांपूर्वी काही डच कुटुंबं आपल्या धर्मगुरूच्या मागून इथे आली. त्यांच्या देशात त्यांना हवी तशी प्रार्थना करू देत नव्हते. बायबलच्या काळातल्या लोकांना संकटात आसरा देणाऱ्या एका गावाचं नाव त्यांनी या माळरानाला दिलं. आता त्या गावात उंच पवनचक्की आहे, कालवा आहे, कालव्यावर उचलता येणारा पूल आहे, आणि चौकातल्या घड्याळातून ठरलेल्या वेळी बाहुल्या बाहेर येऊन घंटांच्या तालावर डोलतात. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाला डच पद्धतीचं उतरतं, नक्षीदार कपाळ असलंच पाहिजे असा नियम आहे. बँकेलाही आहे. मी पुण्याचा. मला कुठलंही गाव लवकर आवडत नाही आणि आवडलं तरी मी तसं बोलून दाखवत नाही. मला ते सगळं वाढदिवसाच्या केकवर मांडल्यासारखं वाटलं.

एका शनिवारी कारखान्यातल्या लोकांनी नव्या मंडळींना गावाचं म्युझियम दाखवायला नेलं. म्युझियम म्हणजे जुनी घरं, लोहाराची भट्टी, लाकडी बूट कोरायचा कारखाना, असं एक छोटं गावच. एका घरात आम्ही शिरलो तर समोर गाइड उभी. डोक्यावर पांढरी कडक टोपी, काळा घोळदार झगा, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, पायांत पिवळे लाकडी बूट. आणि कपाळावर टिकली. बाई भिंतीतल्या एका कपाटाकडे काठी दाखवत होत्या.

"धिस इज नॉट कपाट. धिस इज बेड. ओल्ड टाइम डच पीपल स्लीप सिटिंग. फुल नाइट सिटिंग. लाइक इन एस.टी."

अमेरिकन मंडळींनी आदराने माना डोलावल्या. मी फिस्सकन हसलो. काठी माझ्याकडे वळली.

"एस.टी.ला हसलास म्हणजे मराठी," बाई म्हणाल्या. "कुठचा?"

"पुण्याचा."

"वाटलंच. आल्यापासून तोंड कसं केलंयस बघ. संपेपर्यंत थांब. मागे खोलीत डबा आहे, घावणे आहेत."

ही आमची ओळख. त्यांची मुलगी माधवी आमच्याच कारखान्यात डिझाइनला होती, मला चांगली सीनियर. वडील गेल्यावर तिने आईला इकडे आणलं. पहिला हिवाळा मावशींनी खिडकीत बसून काढला. मग एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तेव्हा समोरच्या रस्त्यावरून लाकडी बूट घातलेल्या बायकांची रांग सराव करत चाललेली त्यांना दिसली आणि त्या चप्पल अडकवून त्यांच्या मागोमाग गेल्या. कुठे चाललोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. रांग म्युझियमपाशी थांबली, तशा त्याही थांबल्या. पुढच्या वसंतात त्या तिथल्या गाइड होत्या.

हे कसं जमलं असं कोणी विचारलं की मावशी म्हणायच्या, "मग? डच काय मला नवीन आहेत?" आणि खरंच नव्हते. वेंगुर्ल्याला डचांची जुनी वखार आहे. पडकी, झाडोऱ्याने वेढलेली. मावशींचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी त्या वखारीत लपाछपी खेळायच्या, करवंदं खायच्या आणि अंधारायच्या आत पळत घरी यायच्या. त्यामुळे त्यांच्या हिशेबी जगात दोन तऱ्हेचे डच होते. 'आमचे डच' आणि 'इथले डच'. आमचे डच व्यापारी, लबाड, पण बांधकामाला पक्के. इथले डच भाविक, काटकसरी आणि जेवणात अगदीच कच्चे. पर्यटकांना त्या आधी आमच्या डचांबद्दल सांगत, मग इथल्यांबद्दल. "फर्स्ट दे केम टू माय प्लेस," त्या अभिमानाने म्हणायच्या. "टू युअर प्लेस दे केम लेटर." आयोवाचा एखादा शेतकरी हे ऐकून चक्क थँक यू म्हणायचा.

सनावळ्या मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यासाठी हेन्रिएटा होती. हेन्रिएटा म्हणजे म्युझियमच्या सगळ्या स्वयंसेवकांची प्रमुख. मावशींपेक्षा थोडी मोठी, शिडशिडीत, ताठ, नवऱ्यामागे एकटी राहणारी. तिचे खापरपणजोबा त्या पहिल्या कुटुंबांपैकी. कोणाच्या झग्याची किनार घोट्याच्या किती वर असावी, टोपीचा कोन केवढा, यावर तिची करडी नजर. मावशी इतिहास सांगत असताना ती गर्दीच्या मागे उभी राहायची आणि काही चुकलं की तर्जनी वर करायची. मावशी थांबायच्या. हेन्रिएटा खरं काय ते सांगायची. मावशी "येस, दॅट" म्हणून पुढे जायच्या. काही दिवसांनी लोकांना वाटू लागलं की हा कार्यक्रम असाच बसवलेला आहे.

या दोघींची मैत्री मात्र सहजासहजी झालेली नाही. आधी एक मोठी भानगड झाली, आणि ती फक्त या दोघींमध्येच होऊ शकली असती. हेन्रिएटाने मावशींना कॉफीला बोलावलं. तिच्या घरी डच रिवाज कडक. कॉफी आली, बिस्किटांचा डबा आला, झाकण उघडलं, तिने डबा पुढे केला. मावशींनी आपल्या रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं की थोडं अवघडल्यासारखं करायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे त्यांचं ठरलेलं. हेन्रिएटाने "बरं" म्हटलं आणि झाकण लावून टाकलं. मावशी तिथून निघाल्या त्या तरातरा घरी आल्या. "एकदाच विचारलं गो! एकदाच!" त्या दिवसभर माधवीला ऐकवत होत्या. "माणूस कुत्र्यालाही दोनदा विचारतो."

मग मावशींनी तिला घरी जेवायला बोलावलं, कसं विचारतात ते दाखवायला. घावणे आणि कोंबडीचा रस्सा. हेन्रिएटाला लहानपणापासून शिकवण अशी, की पानात टाकायचं नाही. तिने ताट स्वच्छ केलं. मावशींना शिकवण अशी, की रिकामं ताट म्हणजे पाहुण्याला अजून हवंय. त्यांनी वाढलं. हेन्रिएटाने पुन्हा स्वच्छ केलं. मावशींनी पुन्हा वाढलं. संध्याकाळी माधवी कामावरून आली तेव्हा हेन्रिएटा लालबुंद होऊन, दोन्ही हातांनी टेबल धरून, शेवटच्या घावण्याशी झुंजत होती आणि मावशी तव्यापाशी उभ्या राहून म्हणत होत्या, "शी इज हंग्री, पुअर थिंग. नोबडी कुक्स फॉर हर."

माधवीने दोघींना समोरासमोर बसवून काय झालंय ते समजावलं. मग हेन्रिएटाला हसू फुटलं. मावशी सांगत, इतकी वर्षं हसू कोंडून ठेवलं असावं तशी ती हसली. त्या दिवसापासून हेन्रिएटा बिस्किटांचा डबा दोनदा पुढे करू लागली आणि मावशी पाहुण्याच्या ताटात वाढायच्या आधी विचारू लागल्या. दोघींनीही याहून जास्त माघार घेतली नाही. पण दुपारची कॉफी मात्र रोजची झाली. मावशी तिला 'हेन्री' म्हणायच्या. मावशींचं इंग्रजी आणि हेन्रिएटाचं डचमिश्रित पुटपुटणं यातून त्या तासन्‌तास काय बोलत असत, देव जाणे. मी एकदा तिथे होतो तेव्हा माशांच्या आमटीत घालायचं तिरफळ या विषयावर चर्चा चालली होती आणि हेन्रिएटा ते हुंगून शिंकत होती.

मे महिन्यात तिथे ट्युलिपचा उत्सव असतो. लांबलांबून लोक येतात, सगळं गाव डच कपड्यांत. मिरवणुकीच्या आधी एक गंमत करतात. जुन्या काळचा नगरप्रमुख झालेला माणूस रस्त्यावर येतो, वाकून बघतो आणि रस्ता घाण आहे असं जाहीर करतो. मग बादल्या आणि ब्रश घेऊन बायकापुरुष रस्ता घासून काढतात. लोक टाळ्या वाजवतात, पोरं एकमेकांवर पाणी उडवतात, नगरप्रमुख पुन्हा येतो, रस्ता पसंत करतो आणि मिरवणूक निघते. मावशींना त्या वर्षी पहिल्यांदा घासणाऱ्यांच्या तुकडीत घेतलं होतं. मी फुटपाथवर कारखान्यातल्या लोकांबरोबर कागदाच्या पिशवीतून बदामाचं सारण भरलेलं, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचं पेस्ट्रीसारखं काहीतरी खात उभा होतो.

बाकीचे लोक घासण्याचं नाटक करत होते. मावशी घासत होत्या. कमरेत वाकून, झगा गुडघ्यापर्यंत खोचून, पाण्याचा फटकारा मारत. हेन्रिएटा दोनदा खोचलेला झगा सोडवायला आली आणि दोनदा परत गेली. बघता बघता मावशींच्या वाट्याचा रस्ता लखलखीत झाला. बाकीचे बाजूला झाले. मावशी झाल्या नाहीत. धुतलेली जमीन अशी बोडकी ठेवून जायचं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. त्यांनी एप्रनच्या खिशातून पुडी काढली. पवनचक्कीत दळलेलं गव्हाचं पीठ. आणि भर चौकात, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी असताना, त्या उकिडव्या बसून रांगोळी काढू लागल्या.

टाळ्या थांबल्या. एवढ्यात नगरप्रमुखाची स्वारी रस्ता तपासायला आली. उंच हॅट, पांढरे हातमोजे, मोठं पोट. समोर ओल्या काळ्या रस्त्यावर पांढरं पीठ. ते घाण म्हणायचं की काय म्हणायचं, हे बिचाऱ्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. मी मनात म्हटलं, मावशी, आज तुम्ही आपली अब्रू घालवणार. तेवढ्यात हेन्रिएटा पुढे आली. नियमांची एवढी पक्की बाई, मला वाटलं आता बादली ओतणार. ती ब्रश उभा धरून रांगोळीच्या बाजूला पहारेकऱ्यासारखी उभी राहिली आणि नगरप्रमुखाला म्हणाली, "स्वच्छ आहे. जागा स्वच्छ आहे असं सांगण्यासाठीच हे काढतात." त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि रस्ता पसंत असल्याचं ओरडून सांगितलं.

बँडची पहिली तुकडी हेन्रिएटाच्या ब्रशला वळसा घालून गेली. दुसरीही गेली. मग घोड्यांची गाडी आली. घोड्याला काय कळतं? टापा आणि चाकं बरोबर मधोमध गेली आणि सगळं पीठ फासलं गेलं. हेन्रिएटाचे डोळे भरून आले. मावशीच तिची समजूत घालत होत्या. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "हेन्री, व्हाय क्राय? रांगोळी इज फॉर ब्रेकिंग. ती मोडली नाही म्हणजे दारात कोणी आलंच नाही." शेवटचं वाक्य त्या मराठीतच बोलल्या. हेन्रिएटाने माझ्याकडे बघितलं आणि मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मला ते गाव त्या दिवशी आवडलं. कोणाला सांगितलं नाही एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात माधवीला दूर पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला चांगली नोकरी मिळाली. नवरा समीर आधीच तिकडे होता, मुलगी तिथून जवळच कॉलेजला. त्यामुळे सगळे एका ठिकाणी येणार म्हणून माधवी खुशीत होती. टाउनहाउस बघून झालं. आईची खोली खालच्या मजल्यावर, हेही ठरलं. "आई सो हॅपी होईल तिकडे," ती मला म्हणाली. "मंदिर आहे, सीनियर लोकांचा ग्रुप आहे, वॉकला निघालं की चार मराठी बायका भेटतात. इथे काय आहे यार तिला? मका!"

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी नाही येत."

कोणी मनावर घेतलं नाही. तेव्हा त्यांचा राग स्वयंपाकात उतरला. आमटीत आमसुलं दुप्पट पडू लागली. भाकऱ्या जाड झाल्या. त्या आठवड्यात मी जेवायला गेलो आणि दोन घासांत समजलो की घरात काहीतरी बिनसलं आहे. जेवण झाल्यावर मावशी मला सोडायला म्हणून बाहेर आल्या आणि थंडीत गाडीपाशी उभ्या राहिल्या.

"तू जरा बोल तिच्याशी," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकते ती."

"माझं कोणी ऐकत नाही मावशी. पण तुम्हांला का नाही जायचं?"

"अरे, तुझे काका बँकेत. कुडाळ, चिपळूण, महाड, नगर, कुठे कुठे बदल्या. बारा गावचं पाणी प्यायले मी. प्रत्येक गावात मागच्या दारी अबोली लावायची. ती फुलायला लागली की हे घरी येऊन सांगणार, ऑर्डर आली. मला कधी कोणी विचारलं नाही, शालन, तुला हे गाव सोडवतं का? पुढे हे गेले. माधवी आली आणि इकडे घेऊन आली. प्रेमानेच आणलं, मी नाही कशाला म्हणू? पण विचारलं तिनेही नाही. बॅगाच भरल्या." मग त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "आता पुरे झाला रे. हय माजा काम आसा. हय माका लोक नावान हाक मारतत."

मी माधवीशी बोललो. हेन्रिएटाने तिच्या घरातली खालची खोली देऊ केली होती, तेही सांगितलं. माधवी भडकलीच. "म्हणजे मी आईला एका परक्या बाईकडे टाकून जाऊ? ती स्वतः एटी इयर्सची होत आली! आईला बीपी आहे, उद्या पडली तर कोण बघणार? आणि आपले लोक काय म्हणतील, ते तर सोडूनच दे." तिचंही काही चुकत नव्हतं. आईवर तिचा जीव होता आणि त्या जिवापायीच ती अडून बसली होती. हेन्रिएटाची खोली बघायलासुद्धा ती तयार नव्हती. मी आपला परत आलो.

मार्च संपत आला. सामान नेणाऱ्या ट्रकची तारीख ठरली. म्युझियम नुकतंच उघडलं होतं आणि शनिवारी पाहुण्यांची एक बस येणार होती. मावशी सकाळीच कपडे चढवून गेल्या. माधवीला दुपारी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं, फाइल घ्यायला. ती वेळेआधी आली आणि बाहेर गाडीत बसण्याऐवजी, थंडी होती म्हणून, आत शिरली. इतकी वर्षं त्या गावात राहून तिने आईला गाइड म्हणून काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. शनिवारी तिची वाणसामानाची खरेदी असायची. मी लाकडी बुटांच्या कारखान्यात होतो, आईवडिलांसाठी भेट घेत होतो. तिला पाहून मीही मागोमाग गेलो.

मावशी त्या वेळी गवताच्या छपराच्या खोपटात होत्या. पहिल्या हिवाळ्यात त्या डच कुटुंबांना बांधकामाला वेळच मिळाला नव्हता. जमीन खणून, वर गवत पसरून त्यांनी थंडी काढली. तसं एक खोपट म्युझियमने दाखवायला केलं आहे. आत दहाएक माणसं दाटीवाटीने उभी होती. हेन्रिएटा नेहमीप्रमाणे मागे. माधवी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मावशींना अंधारात ती दिसली की नाही, मला सांगता येणार नाही.

"मेन हॅड बिग मीटिंग," मावशी सांगत होत्या. "गो टू अमेरिका, नॉट गो टू अमेरिका. मेन डिसायडेड. वुमेन पॅक्ड. नोबडी आस्क्ड द वुमन." त्यांनी खोपटातल्या मातीच्या जमिनीकडे बोट दाखवलं. "शी केम हिअर. शी सॉ धिस. शी डिड नॉट क्राय. शी टुक ब्रूम अँड क्लीन्ड."

पुढे उभ्या असलेल्या एका तरुण बाईने विचारलं, "तिला आवडलं का इथे?"

मावशींनी हातातली काठी जमिनीवर टेकवली. "फर्स्ट इयर, नो," त्या म्हणाल्या. "देन शी पुट फ्लॉवर. आफ्टर विंटर, फ्लॉवर केम. देन शी सेड टू एव्हरीबडी, नाऊ यू गो व्हेअर यू वाँट. मी, नोबडी विल मूव्ह."

असं काही कुठल्याही इतिहासात नाही. मी हेन्रिएटाकडे पाहिलं. तिचा हात एप्रनवर होता, तो तिथेच राहिला. बोट वर आलं नाही. माधवी मान खाली घालून उभी होती आणि हातातल्या गाडीच्या किल्ल्या नुसत्याच चाळवत होती.

पाहुणे पुढच्या घराकडे गेले. मावशी काठी भिंतीला टेकवून टोपी सारखी करत होत्या. माधवी त्यांच्यासमोर गेली. "आई," ती म्हणाली, "चल. खोली दाखव मला हेन्रिएटाची."

मीही गेलो, कारण मला कोणी नको म्हटलं नाही. माधवीने त्या खोलीचा काय पंचनामा केला म्हणता! हीटर चालू करून बघितला, खिडकीच्या फटीला हात लावून वारा येतो का पाहिलं, बाथरूममध्ये धरायला दांडा नाही म्हणून हेन्रिएटाला ऐकवलं. हेन्रिएटा प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होती. माधवी पलंगावर बसून गादी दाबून बघत होती आणि दाबता दाबताच रडायला लागली. "मी तुला विचारलं का नाही गं कधी?" ती म्हणाली. मावशी तिच्याजवळ बसल्या, तिचं डोकं आपल्या त्या घोळदार झग्यात घेतलं आणि थोपटत राहिल्या. "विचारलंस ना आता," त्या म्हणाल्या. हेन्रिएटा आणि मी बाहेर जाऊन तिच्या अंगणातल्या वाफ्यांकडे बघत उभे राहिलो. तिथे अजून काही उगवलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी माधवी निघाली. ट्रक आधीच गेला होता. समीर तिला न्यायला आला होता आणि मला गाडीत उरलंसुरलं सामान भरायला बोलावलं होतं. सकाळची वेळ. हेन्रिएटाच्या घरासमोर गाडी उभी. मावशींनी वाटेसाठी धपाटे, चटणी, कोरड्या भाताचा डबा असं पाच माणसांना पुरेल एवढं दिलं होतं. त्या दिवशी त्या डच पोशाखात नव्हत्या. घरातली सुती साडी, वर हेन्रिएटाचा जाडा स्वेटर, पायांत मोजे.

माधवी गाडीपर्यंत गेली, परत आली. बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते हेन्रिएटाला पुन्हा दाखवून गेली. परत गेली, परत आली. समीर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसला होता. "आई, तू गाडीपर्यंत तरी चल ना," ती म्हणाली.

"नको," मावशी म्हणाल्या. "मला दारातच उभी राहू दे. आजवर मी कायम गाडीत असायची."

माधवीने वाकून नमस्कार केला. आपल्यात निघताना कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. मावशी हा शब्द कुडाळच्या, चिपळूणच्या, महाडच्या, नगरच्या दारांत म्हणून आल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही दारात पुन्हा गेल्या नव्हत्या.

"येते आई," माधवी कशीबशी म्हणाली.

मावशींनी एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला. मागे हेन्रिएटा होती. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "केव्हाही ये. मी इथेच आहे."